सिमेंट भरल्यावर दुखणारी दाढ: एका प्रकरणाचा पूर्ण तपशील

हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. दाढेत सिमेंट भरून घेतल्यावर ज्या तक्रारी वारंवार येतात, त्या एका रुग्णाभोवती एकत्र मांडल्या आहेत. त्यात तीन वेगवेगळी दुखणी एकाच दाढेत होती आणि तिन्हींचा उपाय वेगळा होता. बहुतेक गोंधळ इथेच होतो. ‘दाढ दुखतेय’ या दोन शब्दांत सगळं गुंडाळलं की एक तर सगळ्याला थांबा म्हटलं जातं, नाहीतर सगळ्याला रूट कॅनाल सांगितलं जातं.

रुग्ण ३४ वर्षांची स्त्री, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, रोजचा प्रवास दुचाकीवर. दुसरा आजार नाही, चालू औषधं नाहीत. तक्रार खालच्या जबड्यातल्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेची. दंतवैद्यांच्या क्रमांकात ती ४६. कीड मागच्या कडेला, शेजारच्या ४७ला चिकटलेल्या बाजूने आत गेलेली. एक्स-रेमध्ये ती खोल दिसत होती, पण नसेपर्यंत पोचलेली नव्हती. भरण्याआधी दाढ आपणहून कधीच दुखली नव्हती. गोड खाल्लं की क्षणभर कळ यायची आणि जायची. ही नोंद महत्त्वाची आहे. भरण्याआधीच रात्री ठणकणारी दाढ आणि भरल्यानंतर शिवशिवणारी दाढ, यांचं पुढचं भवितव्य सारखं नसतं.

डिसेंबरमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी भूल देऊन कीड काढली, दाताच्या रंगाचं कंपोझिट भरलं, चाव्याची खूण उमटवणारा रंगीत कागद लावून ‘चावून बघा’ झालं आणि त्या घरी गेल्या. जेवणाच्या वेळी भूल उतरली. पहिल्याच घासाला पोळी चावताना कळ आली. फ्रीजमधलं पाणी प्यायल्यावर दाढेत सणक गेली. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर उत्तर मिळालं, “नवीन सिमेंट आहे, आठ दिवसांत सेट होईल.”

हे उत्तर पुण्यात काय, कुठेही सर्रास मिळतं आणि त्यात एक चूक आहे. कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली खुर्चीतच कडक होतं. पुढच्या २४ तासांत आणखी थोडं. आठ दिवस लावून बसायला त्यात काही उरत नाही. शांत व्हायची असते ती आतली नस. आणि सिमेंट उंच राहिलं असेल, तर तीही शांत होत नाही, कारण प्रत्येक घासाला दाढेवर मार बसतच राहतो.

दहाव्या दिवशीची अवस्था अशी: उजव्या बाजूने चावणं बंद. सकाळी गाडीवर जाताना स्कार्फमधूनसुद्धा गार वारा लागला की कळ. संध्याकाळी कानाकडे जाणारी दुखरी ओढ, जबडा आखडलेला. घरी लवंगाचं तेल कापसावर घेऊन दाढेशी दाबून ठेवल्याने हिरडीवर पांढरट भाजल्याचा डाग. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या पोटात. दुसऱ्या एका ठिकाणी ‘रूट कॅनाल करून टाकू’ असा सल्लाही मिळालेला.

तपासणी: कोणती कळ कशाने

आधी प्रश्न. कळ कशाने येते? आल्यावर किती वेळ राहते? आपणहून येते का? झोपेतून जाग येते का? गरम चहाने वाढते का? उत्तरं अशी आली: गारने येते, गार काढलं की सात-आठ सेकंदांत जाते. आपणहून येत नाही. रात्री जाग आलेली नाही. गरमचा त्रास नाही. चावताना कळ वेगळी, बोथट, दाढेच्या मुळाशी.

मग चाचण्या. गार द्रव फवारलेला कापसाचा छोटा बोळा आधी डावीकडच्या निरोगी ३६वर ठेवला, मग ४६वर. क्रम महत्त्वाचा आहे. निरोगी दाढेची कळ किती, हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला दोघांनाही आधी कळायला हवं. ३६ला दोन-तीन सेकंद, ४६ला तीव्र आणि आठ सेकंद. बोळा काढल्यावर ३० सेकंदांहून जास्त रेंगाळणारी कळ हे नस परतीच्या पलीकडे गेल्याचं चिन्ह मानतात. ही त्याच्या बरीच अलीकडे होती.

आरशाच्या दांड्याने वरून टकटक केल्यावर ४६ दुखली, ४५ आणि ४७ दुखल्या नाहीत. म्हणजे मुळाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध सुजलेला. मग चावण्याची काडी दाढेच्या एकेका टोकाखाली ठेवून चावायला लावलं. चावा सोडताना टोचल्यासारखी कळ आली असती, तर दाढेला चीर असल्याची शंका घ्यावी लागली असती; तशी आली नाही. बोथट हत्याराने सिमेंटच्या मधोमध दाबलं, तिथेही विशेष काही नाही. तिथे कळ आली असती, तर सिमेंटच्या तळाशी पोकळी राहिल्याचा संशय आला असता.

शेवटी कागद, पण यावेळी खुर्ची सरळ करून. आडवं झोपवल्यावर खालचा जबडा किंचित मागे सरकतो आणि जेवताना दात जिथे मिळतात, तिथे मिळत नाहीत. शिवाय पहिल्या दिवशी अर्धा जबडा बधिर होता; बधिर माणसाला आपण कसं चावतोय हे कळत नाही. निळा कागद लावून जबडा डावीकडे-उजवीकडे घासायला लावला, मग लाल कागदावर सरळ टकटक. सरळ चाव्यात खुणा ठीक होत्या. उजवीकडे सरकताना मात्र सिमेंटच्या मागच्या उतारावर एक जाड निळी रेघ उमटली आणि तिच्या मधोमध पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे कागदाचा रंग पिळून निघाला इतका दाब. ‘चावून बघा’ म्हटल्यावर माणूस सरळ चावतो; भाकरी खाताना जबडा आडवा फिरतो. आडव्या चाव्यातली उंची पहिल्या दिवशी कोणी पाहिलीच नव्हती.

एक्स-रेमध्ये मुळांच्या टोकांशी काही नव्हतं. सिमेंट आणि नस यांच्यामध्ये डेंटिनचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणाखालच्या भागाचा, पातळ पण अखंड थर दिसत होता.

उंच सिमेंट: सगळ्यात सोपं, सगळ्यात दुर्लक्षित

दाताचं मूळ आणि हाड यांच्यातला अस्थिबंध साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. दातांमध्ये आलेली मिलिमीटरच्या काही शतांशांची जाडीही माणसाला जाणवते. जेवताना केस आला तरी कळतो तो यामुळेच. अशा ठिकाणी एक उंच ठिपका दिवसभर आदळत राहिला की अस्थिबंध सुजतो, सुजेमुळे दाढ खोबणीतून किंचित वर उचलली जाते आणि मग आणखी आधी आदळते. रात्री दात आवळायची सवय असेल, तर हे झोपेतही चालू राहतं. जबड्याचे स्नायू त्या दाढेला चुकवायला सतत ताणलेले राहतात. कानाकडची ओढ आणि आखडलेपण तिथून येतं. आखडण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे खालच्या जबड्याच्या भुलेची सुई स्नायूतून जाते. ते मात्र चार-पाच दिवसांत कोमट शेकाने निवळतं.

उपाय पाच मिनिटांचा, भुलेशिवाय. बारीक फिनिशिंग बरने, म्हणजे घासणाऱ्या ड्रिलच्या टोकाने, पाणी सोडत निळ्या रेघेवर दोन-तीन हलके हात, पुन्हा कागद, पुन्हा एक हात. लाल खुणा, म्हणजे सरळ चाव्यातला आधार, राखायचा. फक्त आडवी रेघ काढायची. घाईत सगळंच खाली घेतलं, तर दाढ चाव्यातून सुटते आणि समोरची दाढ हळूहळू तिच्याकडे सरकते. शेवटी रबरी टोकाने पॉलिश, कारण खरखरीत पृष्ठभागावर जीभ दिवसभर फिरते आणि मळही धरतो.

त्या संध्याकाळीच चावणं हलकं झालं. तिसऱ्या दिवशी पोळी उजव्या बाजूने चावता आली. अस्थिबंध फार सुजला असेल, तर आठवडाही लागतो. आमचं स्पष्ट मत असं, की भरल्यानंतर चावताना दुखतंय म्हणणाऱ्या रुग्णाला ४८ तासांच्या आत बोलवून चाव्याची उंची तपासली पाहिजे आणि पहिल्या पंधरवड्यात त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. रुग्णानेही फोनवर नुसतं ‘दुखतंय’ न म्हणता ‘चावताना दुखतंय, ही दाढ आधी लागते असं वाटतं’ असं सांगितलं, तर लवकर वेळ मिळते.

गारची कळ: इथे मात्र थांबायचं

चावणं सुधारलं तरी गार पाण्याची सणक गेली नाही. ती जाणारही नव्हती, तिचं कारणच वेगळं होतं.

डेंटिन अखंड दगडासारखं नसतं. त्यातून नसेकडे जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. नसेजवळ एका चौरस मिलिमीटरला ४५,०००च्या आसपास, बाहेरच्या कडेला त्याच्या निम्म्याहून कमी. नळ्यांत द्रव असतो. गार लागलं, वारा लागला, की द्रव झटक्याने हलतो आणि आतल्या टोकाशी असलेले चेतातंतू ती हालचाल कळ म्हणून पोचवतात. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी पुढे आणलं आणि आजही हेच स्पष्टीकरण सगळ्यात जास्त मानलं जातं. कीड जितकी खोल, तितक्या जास्त आणि रुंद नळ्या कापल्या जातात. म्हणून उथळ खड्ड्यात भरलेलं सिमेंट सहसा त्रास देत नाही आणि खोल खड्ड्यातलं देतं, मग काम कितीही नीट केलेलं असो.

कामाच्या पद्धतीनेही फरक पडतो. सिमेंट चिकटावं म्हणून आधी लावलेलं ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल डेंटिनवर १५ सेकंदांहून जास्त राहिलं, धुतल्यावर हवेने फार कोरडं केलं, किंवा बाँड, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणारा द्रव, नीट न चोळता पुढे गेलं, तर नळ्यांची तोंडं पूर्ण बंद होत नाहीत. कंपोझिट कडक होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आक्रसतं. एकदम मोठा गोळा भरून प्रकाश दिला, तर ते तळापासून किंवा कडेपासून सुटू पाहतं आणि त्या फटीत द्रव साठतो. म्हणून नेहमीचं कंपोझिट २ मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि प्रत्येक थराला साधारण २० सेकंद प्रकाश द्यायचा. एकदम ४ मिलिमीटर भरता येणारी वेगळी कंपोझिट मिळतात, पण ती त्यासाठीच बनवलेली असतात. लाळ आत आली तर बाँड बिघडतो. रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणलेला रबरी पडदा, लावणं याच कारणासाठी.

या दाढेत गारची कळ जाण्याची वाट पाहायचं ठरलं. नस आपल्या बाजूने नवीन डेंटिन घालत जाते, नळ्या हळूहळू बुजतात. साध्या प्रकरणात २ ते ४ आठवडे, खोल खड्ड्यात ६ ते ८ आठवडेही लागतात. निकष एकच, की दर आठवड्याला कळ कमी झाली पाहिजे. रुग्णाला फोनमध्ये रोज तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: कळ कशाने आली, किती सेकंद राहिली, आपणहून आली का. मुद्दाम बर्फ लावून दिवसातून दहादा बघायचं नाही. त्याने नस आणखी चिडते. दुसऱ्या आठवड्यात आठाचे पाच सेकंद झाले, चौथ्यात तीन.

या काळात घरी काय करायचं, हेही नेमकं सांगावं लागतं. पाणी कोमट किंवा साधं. माठातलंही थोडे दिवस नको. मस्तानी, बर्फ घातलेला उसाचा रस, लिंबू सरबत बंद. गार आणि आंबट दोन्ही एकत्र म्हणजे दुहेरी त्रास. गरम चहावर लगेच गार पाणी नको. सकाळी गाडीवर तोंड मिटून नाकाने श्वास आणि स्कार्फ दुहेरी. ब्रश मऊ, राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन नाही, मिश्री तर नाहीच.

५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट, म्हणजे सेन्सोडाइन, सेन्सोडेंट-के अशांपैकी एखादी, दिवसातून दोनदा वापरायला सांगितली. रात्री ब्रश झाल्यावर वाटाण्याएवढी बोटाने दाढेच्या हिरडीजवळच्या भागावर चोळून ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची नाही. पण तिच्याकडून काय मिळेल आणि काय नाही, हे आधीच सांगावं. ती उघड्या डेंटिनवर काम करते आणि दोन-चार आठवड्यांनी परिणाम दिसतो. सिमेंटच्या खाली ती पोचत नाही. या रुग्णाची हिरडी जोराने घासण्याच्या सवयीमुळे ४५ आणि ४६च्या मानेजवळ थोडी उतरली होती, म्हणून पेस्टचा उपयोग झाला. गाडीवरच्या वाऱ्याचा त्रास बहुधा तिथूनच होता.

वेदनाशामक फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवल्यावर, दोन गोळ्यांत आठ तासांचं अंतर, दिवसाला तीनहून जास्त नाहीत. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काही असेल तर ती टाळून पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारपर्यंत. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन अजिबात नको. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत दोन्ही औषधं आधीच असतात, वरून वेगळी गोळी घेताना बेरीज करा.

अँटिबायोटिक इथे निरुपयोगी. नस चिडलेली असते, पू झालेला नसतो. शिवाय विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक पुढच्या खऱ्या जंतुसंसर्गात नडू शकतं. लवंगाच्या तेलातलं युजेनॉल सिमेंटमधून आत नसेपर्यंत जात नाही, हिरडी मात्र भाजते. आणि तेच युजेनॉल नवीन कंपोझिट कडक होण्यात अडथळा आणतं, म्हणून दुरुस्तीआधी तर ते टाळाच. हिरडीवरचा डाग अर्धा चमचा मीठ घातलेल्या पेलाभर कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आठवड्यात भरून आला.

रूट कॅनाल का नाही केलं

दहाव्या दिवशी दिलेला तो सल्ला लगेच मान्य केला असता, तर दुखणं थांबलं असतं, यात शंका नाही. पण जिवंत नस गेली असती, दाढ आणखी पोखरली गेली असती, वर कॅप लागली असती. रूट कॅनालकडे वळायला लावणारी चिन्हं वेगळी आहेत: गार काढल्यावर अर्धा मिनिट आणि पुढे रेंगाळणारा ठणका, काही न खाता आपणहून उठणारी कळ, झोपमोड, गरम चहाने ठणका आणि गार पाणी तोंडात धरल्यावर आराम. यांतलं काहीही दिसलं तर आठवडाभर थांबू नका. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांत तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दोन दवाखान्यांत दोन मतं पडली, तर तिसरं मत घेण्यात संकोच नको. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय अशी ठिकाणं आहेत. तिथे कॉन्झर्वेटिव्ह डेंटिस्ट्री, म्हणजे दात भरून वाचवण्याचं काम करणाऱ्या, विभागात जायचं. भरण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे सोबत न्या. ते रुग्णाने मागून घ्यावेत. फोनवर आलेली प्रत चालते.

तिसरं दुखणं: अडकणारं अन्न

गार आणि चावणं दोन्ही निवळत असताना पाचव्या आठवड्यात वेगळी तक्रार आली. जेवल्यावर ४६ आणि ४७च्या मध्ये बोथट दुखतं, काडीने कोरलं की बरं वाटतं. पोह्यांतला शेंगदाण्याचा तुकडा, मेथीचा धागा रोज तिथेच. फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, घातला तर तो कुठेही न अडता खाली गेला. शेजारच्या दोन दाढांमध्ये फ्लॉस थोडा अडून ‘टक’ करून उतरायला हवा. इथे सिमेंट ४७ला टेकतच नव्हतं. मधली हिरडी लाल, फ्लॉसला रक्त.

कारण पहिल्या दिवशीचंच होतं. दाढेभोवती सरळ पट्टी गुंडाळून भरलं, की सिमेंटची मागची भिंत सपाट होते, तिला पोट येत नाही. शिवाय पट्टीची जाडी निघाल्यावर फट उरते. दाढांच्या मध्ये पाचर आणि स्प्रिंगसारखं कडं लावून दोन्ही दाढा केसभर दूर ढकलल्या, तर पट्टी निघाल्यावर त्या परत येऊन एकमेकींना टेकतात.

पाचव्या आठवड्यात लगेच दुरुस्ती केली नाही, हा निर्णय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वेळी ड्रिल चाललं की नसेला नवीन धक्का बसतो. आधीची कळ निवळायच्या आत दुसरा धक्का दिला, तर मागे यायला जागा उरत नाही. तीन आठवडे दातांमधल्या फटीत जाणाऱ्या छोट्या ब्रशने जागा साफ ठेवायला सांगितलं. फ्लॉस वर ओढून न काढता एक टोक सोडून बाजूने काढायचा. लाकडी टूथपिक बंद, तिने हिरडी आणखी खाली जाते.

आठव्या आठवड्यात, गारची कळ ३६इतकीच उरल्यावर, दुरुस्ती झाली. भूल, रबर डॅम. फक्त मागच्या कडेचं सिमेंट काढलं. नसेवरचा घट्ट बसलेला थर हलवला नाही. आम्ल फक्त इनॅमलच्या, म्हणजे बाहेरच्या कडक आवरणाच्या, कडांना १५ सेकंद, आतमध्ये स्वतःच आम्लता असलेला बाँड २० सेकंद चोळून हलक्या हवेने पसरवलेला. गोलाई असलेली छोटी पट्टी, पाचर, कडं. २ मिलिमीटरचे थर. फ्लॉस ‘टक’ करून गेला. चाव्याचा कागद सरळ बसवून, सरळ आणि आडव्या दोन्ही चाव्यांत. आणि भूल उतरलेल्या तोंडाने पुन्हा तपासण्यासाठी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची वेळ आधीच दिलेली. त्या दिवशी एक बारीक खूण निघाली, ती काढली. गारची कळ चार दिवस थोडी वाढली आणि गेली.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे आणि गारची चाचणी केली. खोल भरलेल्या दाढेत ही भेट चुकवू नये, कारण कधी कधी नस काही न दुखता मरते. तेव्हा गारला काहीच प्रतिसाद येत नाही, मुळाच्या टोकाशी काळी छाया दिसते किंवा हिरडीवर बारीक पुळी येते. ४६ला गार लागलं, तीन सेकंदांत गेलं. मुळांची टोकं स्वच्छ होती आणि मधली हिरडी गुलाबी. पुढचा एक्स-रे वर्षाने ठरला.